आठ आणि आठ मिळून चार

माझी आणि त्याची पहिली भेट झाली ती मी त्याच्या गिटारच्या अँपची पिन भिंतीतून उपटली तेव्हा. हो, उपटली. गाणं ऐन भरात असताना.

दुकानातून घरी निघाले होते, वाटेत पावसाने गाठलं, आणि छत्री नेहमीप्रमाणे घरी आराम करत होती. तालमीच्या खोल्या भाड्याने देणारी एक इमारत आहे, तिच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. खाली तळघरात कुणीतरी गिटार वाजवत होतं. चांगलं वाजवत होतं, खोटं कशाला बोलू? वर पाऊस, खाली ती गिटार... कपाळावरून ओघळणारं पाणी पुसायचंही मी विसरले. आणि तेवढ्यात तो वास आला. तापलेल्या वॉर्निशचा. अँपमधला ट्रान्सफॉर्मर जळायच्या आधी असाच वास सोडतो, आणि तो नाकात शिरला की मला एका जागी उभं राहवत नाही.

धडाधड पायऱ्या उतरले, दार ढकललं. एक उंच, काटकुळा मुलगा डोळे मिटून वाजवण्यात गुंग. त्याच्यामागे अँप, अँपच्या दोन बाजूंना दोन स्पीकर कॅबिनेट. मी ओरडले, पण त्या आवाजात माझं कोण ऐकतंय! मग सरळ भिंतीकडे गेले आणि पिन ओढली.

एकदम शांतता झाली. त्याने डोळे उघडले.

"अहो! काय करताय काय तुम्ही?"

"तुमचा अँप वाचवतेय. आभार नंतर माना."

"कोण तुम्ही?"

"ते जाऊ दे. ही दोन कॅबिनेट किती ओहमची?"

"आठ-आठची," तो म्हणाला, आणि वर छाती काढून, "म्हणून तर मागचा स्विच सोळावर ठेवलाय. आठ अधिक आठ सोळा."

मी कपाळावर हात मारला. "आठ आणि आठ मिळून चार होतात."

तो हसायला लागला. "ही कुठली शाळा?"

"जिथे नापास झालं की धूर निघतो, ती. हे बघा, ओहम म्हणजे अडथळा. एका हॉलला एक दार असेल तर गर्दी अडते. शेजारी दुसरं तसंच दार उघडलं तर अडथळा वाढतो की निम्मा होतो?"

"निम्मा..." तो हळूच म्हणाला.

"मग? अँपला तुम्ही सांगितलंत सोळा, आणि प्रत्यक्षात जोडलेत चार. बिचारा जीव तोडून राबतोय. आतले काचेचे व्हॉल्व्ह लाल झाले असतील."

त्याने अँपच्या मागच्या जाळीतून वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता हा चिडणार. वाजवणारे चिडतात, आपल्या यंत्राबद्दल बाईने काही सांगितलं की नाकाला मिरच्या झोंबतात त्यांच्या. पण त्याने गिटार खाली ठेवली, पिशवीतून एक मऊ फडकं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"नाकावर पाणी आहे तुमच्या. गिटार पुसायचं फडकं आहे, पण स्वच्छ आहे... माझा टॉवेल इतका स्वच्छ नसतो."

मी फडकं घेतलं. आमची बोटं एकमेकांना लागली, आणि त्याने नजर वळवली नाही. मीही नाही वळवली. का वळवावी?

"तुमच्या अँपला डॉक्टर लागणार," मी म्हणाले आणि दुकानाचा पत्ता सांगितला.

*

आता दुकानाबद्दल सांगते. दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. अँप, स्पीकर, मिक्सर, की-बोर्ड, जे वाजायचं थांबलं ते सगळं आमच्याकडे येतं. पुढे काउंटर, मागे प्लायवुडचं पार्टिशन, पार्टिशनमागे दुरुस्तीचं टेबल. गिऱ्हाईक आलं की अप्पा भुवया उंचावतात, वस्तू उलटसुलट करतात, "बघतो मी" म्हणतात आणि ती पार्टिशनमागे आणून माझ्यापुढे ठेवतात. कितीतरी वर्षं असंच चाललंय. हात माझा, नाव अप्पांचं. "लोक मुलीच्या हातात महागाची वस्तू देत नाहीत," ते म्हणायचे. "दुकान चालवायचंय की क्रांती करायचीय?"

दोन्ही करायचं होतं मला. पण त्या टेबलावर माझा जीव होता. बंद पडलेल्या डब्यातून पहिला आवाज निघतो ना, त्या एका क्षणासाठी मी पार्टिशनमागे बसले असते, माळ्यावरही बसले असते. म्हणून गप्प होते. धुसफुसत, पण गप्प. आमच्या गल्लीत मला 'शॉक' म्हणतात, त्यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी तो अँप कवटाळून दारात उभा राहिला. अप्पांनी भुवया उंचावल्या. "ठेव इथे. बघतो मी."

"तुम्ही नका बघू," तो अगदी सरळपणे म्हणाला. "त्या बघतील. काल त्यांनी नुसत्या वासावरून ओळखलं."

मी आत बसून ओठ चावला. बाहेर अप्पांनी पावतीपुस्तक उघडलं.

"आमच्याकडे मीच बघतो," अप्पा म्हणाले. तो गेल्यावर आत आले, अँप माझ्यापुढे आदळला आणि म्हणाले, "आगाऊ आहे. चाळीस वर्षं बघतोय हे वाजवणारे. वाजवणाऱ्याला दुकान दाखवावं, घर दाखवू नये."

*

अँप दुरुस्त झाला, नवे व्हॉल्व्ह बसले, तरी त्याची दुकानातली कामं काही संपेनात. कधी वायर सैल, कधी बटण खरखरतंय. आणि यायचा तेही दुपारी, अप्पा सुटे भाग आणायला बाजारात जातात त्या वेळी.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," एकदा मी म्हणालेच. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो ते कळलंच नाही. "या बटणाला काहीही झालेलं नाही."

"मग मला काय झालंय ते बघ."

"आम्ही माणसं दुरुस्त करत नाही."

"बिघडवता मात्र सर्रास..."

मी सोल्डरची गरम कांडी त्याच्या नाकासमोर धरली तेव्हा कुठे दोन पावलं मागे सरकला. पण हसतच होता मेला. आणि मी खाली मान घालून तीच तार पुन्हा पुन्हा जोडत होते.

एका दुपारी धापा टाकत आला, हातात स्पीकर आणि नवाकोरा छोटा मीटर. "फसवलं मला! आठ ओहमचा म्हणून विकला आणि मोजला तर सहा पॉइंट चारच भरतो!"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अरे वेड्या, बरोबर आहे तो. मीटर आतल्या बॅटरीचा सरळ प्रवाह सोडून मोजतो. आवाज सरळ जात नाही, हेलकावे खातो, त्या वेळचा अडथळा जास्त असतो. आठचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपासच दाखवतो. आठ दाखवला असता तर मी काळजी केली असती."

"म्हणजे गप्प असताना मोजलं तर कमीच भरणार."

"हो."

"मग मला वाजवताना मोज. शनिवारी कार्यक्रम आहे. ये."

"आणि नाही आले तर?"

"तर मी वाईट वाजवीन आणि सगळ्यांना तुझं नाव सांगेन."

मी गेले. मागे खांबाला टेकून उभी होते. त्याने डोळे मिटले नाहीत त्या दिवशी... एकदाही नाही. परतताना पाऊस भुरभुरत होता आणि माझ्याकडे छत्री होती, एकच. त्याची उंची आणि माझी उंची, छत्री कुणी धरावी यावरून भांडत भांडत आम्ही घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो. तिथे तो थांबला. माझ्या गालावरची ओली बट त्याने बोटाने कानामागे सारली आणि छत्री माझ्या हातात देऊन पावसात चालू लागला. प्रेमात पडले होते मी, पार आपटले होते.

आणि गॅलरीतून आत्याने सगळं पाहिलं.

*

आत्या अप्पांची थोरली बहीण, आमच्यातच राहते. मनाने वाईट नाही, पण तिच्या पोटात तीळ भिजत नाही. सकाळी चहाच्या आधी बातमी अप्पांकडे पोचली होती.

"तो लांबड्या ना गं? तारा खाजवणारा?" आत्या म्हणाली. "अगं, जोडी कशी तोलामोलाची हवी."

"तूच इतकी वर्षं हे काम करतेस," तिचं वाक्य उचलून अप्पा मला म्हणाले. "ओहमला ओहम जुळला नाही तर काय होतं? जळतं! तू एका जागी बसून काम करणारी, तो आज इथे उद्या तिथे. जुळणारं आहे का हे?"

माझं डोकं सणकलं. "अप्पा, माणसं म्हणजे स्पीकर नव्हेत! माझ्या पाठीवर कुणी ओहमचा आकडा छापलेला नाही. मला तो आवडतो. तो माझ्याशी मान ठेवून बोलतो, चुकला की हसतो आणि शिकतो. झालं माझं मोजमाप."

"मग ऐक," अप्पांचा आवाज खाली आला. ते ओरडतात तेव्हा मी घाबरत नाही, आवाज खाली आला की घाबरते. "दुकानातलं ते टेबल हवं असेल तर तो नको. तो हवा असेल तर टेबल विसर. दोन्ही मिळणार नाही."

"मला दोन्ही हवंय."

"बघू."

नेमकं त्याच आठवड्यात त्याचं नवं कॅबिनेट आमच्याकडे आलं होतं. सुताराकडून करून घेतलेला रिकामा खोका आणि आठ-आठ ओहमचे चार स्पीकर. चारही मिळून पुन्हा आठच भरतील असे जोडायचे होते. त्याच्यासाठी दोन-दोनच्या जोड्या एकामागे एक लावायच्या आणि मग त्या दोन जोड्या शेजारीशेजारी. माझा हातखंडा आहे. पण अप्पांनी खोका स्वतःकडे ओढला.

"हे मी जोडणार. तुझा हात लागता कामा नये. हे दुकान तुझ्याशिवायही चालतं, हे कळू दे तुला."

मी पार्टिशनमागे एका मुक्या की-बोर्डपुढे बसले आणि बाहेर अप्पांची खुडबुड ऐकत राहिले. ते मधेच पुटपुटायचे, तार खाली पडायची, पुन्हा शोधायचे. माझ्या हाताला कंड सुटला होता. पण म्हटलं, ठीक आहे, करा.

*

तो अँप आणि गिटार घेऊन कॅबिनेट न्यायला आला तेव्हा दुकानात की-बोर्डवालाही येऊन उभा होता, आपली वस्तू घ्यायला. अप्पांनी खोक्यावर थाप मारली.

"घे. चाळीस वर्षांचा हात आहे. अँप लाव, पूर्ण आवाजात वाजवून बघ आणि घेऊन जा." आमच्याकडे तशी पद्धतच आहे. वस्तू पूर्ण आवाजात वाजवून दाखवल्याशिवाय दुकानातून जात नाही.

त्याने खिशातून आपला छोटा मीटर काढला. मीच शिकवलं होतं, अँप लावण्याआधी मोजायचं, समोर कुणी का असेना. वाकला, दोन टोकं टेकवली. मी पार्टिशनच्या कडेला उभी होते. त्याच्या हातातला आकडा मला दिसला.

एक पॉइंट सहा.

चारही स्पीकर एकाच ओळीत शेजारीशेजारी जोडले होते. म्हणजे आठ नव्हे, फक्त दोन ओहम. त्याच्या अँपला चारच्या खाली झेपतच नाही. पूर्ण आवाजात वाजवला असता तर नव्या व्हॉल्व्हचे तीन तेरा वाजले असते, कदाचित ट्रान्सफॉर्मरचेही.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अप्पांकडे. अप्पा चष्मा पुसत होते, चेहऱ्यावर असं काही समाधान... आणि त्याने मीटर खिशात टाकला.

"अप्पा, आज नको वाजवायला," तो म्हणाला. "माझी जरा घाई आहे. आणि मोजताना माझ्याकडूनच बहुतेक आत एक तार ओढली गेली. घरी जाऊन बसवतो मी."

अरे वा! किती गोड. किती समजूतदार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं बोलू नकोस!" मी बाहेर आले. "तूसुद्धा? तू पहिल्या दिवशी इथे उभा राहून खरं बोललास म्हणून मला आवडलास, आणि आज तूही झाकपाक करतोस?"

"अगं, मी फक्त अप्पांना—"

"अप्पा काही काचेचे नाहीत! फुटणार नाहीत." मी त्याच्या खिशातून मीटर काढला आणि अप्पांच्या हातात दिला. "तुम्हीच मोजा."

अप्पांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मी कॅबिनेटचे मागचे स्क्रू काढले, फळी उघडली. त्यांनी वाकून आतली एकेक तार बोटाने चाचपली. चष्मा काढला, घातला.

"रंग कळत नाहीत गं आता," ते म्हणाले. अगदी हळू. "लाल आणि तपकिरी... मला एकच दिसतात."

मला वाटलं मिठी मारावी त्यांना, आणि सगळं इथेच सोडावं. पण तिथे सोडलं असतं तर मी उरलेलं आयुष्य प्लायवुडमागे काढलं असतं, आणि वर म्हणाले असते की वडिलांसाठी केलं.

"मला माहीत आहे, अप्पा. म्हणूनच तर इतकी वर्षं सगळं मी करतेय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." मी की-बोर्डवाल्याकडे वळले. तो बिचारा भिंतीला चिकटला होता. "तुमचा की-बोर्ड मी दुरुस्त केलाय. मागच्या वेळचा मिक्सरही मीच. चालला ना?"

"चा... चालला की. उत्तम चालला."

"झालं तर. आणि दुसरं." आता थांबणं शक्यच नव्हतं. "ह्याच्याशी मी लग्न करणार आहे."

की-बोर्डवाला भिंतीला आणखीच चिकटला.

"मला विचारलंस?" तो म्हणाला.

"विचारतेय. करशील?"

त्याने तोंड उघडलं, पण अप्पा मधेच उभे राहिले. रागाने नव्हे; राग असता तर सोपं होतं. थकल्यासारखे. "मी सांगितलं होतं. दोन्ही मिळणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"येणार. दुकान उघडायच्या वेळेला येणार," मी म्हणाले. "शटर बंद ठेवलंत तर पायरीवर बसून काम करीन. दुकान तुमचं आहे, मान्य. पण हात माझा आहे, आणि मनही माझंच आहे. त्यातलं एकही मी गहाण टाकणार नाही."

आणि तिथेच, काउंटरवर, सगळ्यांसमोर, कॅबिनेट आडवं करून मी तारा सोडवल्या. दोन-दोनच्या जोड्या लावल्या, डाग दिले. मोजलं. सहा पॉइंट चार. अँपचा स्विच आठवर ठेवला आणि त्याला म्हणाले, "वाजव."

"किती मोठ्याने?"

"काचा हलल्या पाहिजेत."

त्याने वाजवलं. समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला, की-बोर्डवाला तोंडाचा आ वासून ऐकत राहिला. अप्पा मात्र पाठ करून बसले होते, आणि वाजवणं संपायच्या आत उठून निघून गेले. त्यांच्यामागे दुकान बंद करताना मी रडले. तो खाली पायरीवर बसून होता. आत्ता उत्तर देऊ नकोस, असं सांगून मीच त्याला घरी पाठवलं.

*

दुसऱ्या दिवशी शटर उघडं होतं. अप्पा काउंटरपाशी पेपर डोळ्यांजवळ धरून बसलेले. मी आत गेले, टेबलाचं एक टोक धरलं आणि फरफटत पार्टिशनच्या बाहेर आणलं. त्याचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला असेल. अप्पांनी पेपर उलटला. बाकी काही नाही.

थोड्या वेळाने एक जाडजूड माणूस अँप घेऊन आला. माझ्याकडे दुर्लक्ष करून अप्पांना म्हणाला, "मालक, हा खरखरतोय. बघता का?"

अप्पांनी पेपरातून डोकं काढलं नाही.

"ती बघेल."

"पोरगी?"

"तीच बघते," अप्पा म्हणाले. "पटत नसेल तर दुसरीकडे ने."

तो माणूस गोंधळून अँप माझ्या टेबलावर ठेवतोय, माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालंय, तेवढ्यात दारात तो उभा. केस विंचरलेले! त्याचे केस विंचरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं," तो म्हणाला. "रात्रभर तयारी केली होती. चांगली मोठी वाक्यं होती. पण आता एकही आठवत नाहीये..."

"आठवतंय तेवढं बोल."

"हो. करीन. आजही, उद्याही, तू म्हणशील तेव्हा. आणि पुन्हा कधी तुझ्यासमोर झाकपाक करणार नाही. आईशप्पथ."

मी टेबलावरून वाकले आणि त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर, घट्ट. बघायचं त्यांनी बघावं. त्याचा हात गार पडला होता, माझाही. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

"माझा होकार नाहीये," पेपरामागून आवाज आला. "सांगून ठेवतो."

"मी मागितलाच नाहीये, अप्पा."

पेपर थोडा खाली आला. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या हातांकडे, जरा जास्तच वेळ. त्यांचे डोळे लाल होते.

"लग्न करा नाहीतर काय वाटेल ते करा," ते म्हणाले, "पण आधी त्या माणसाचा अँप बघ. कधीचा ताटकळत उभा आहे तो."